घरचं उटणं, साय, कोरफड, मुठेल : तुमच्या त्वचेला नक्की काय मानवलं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आमच्याकडे उटण्याचा डबा अर्धा उरतो आणि दोन-तीन महिन्यांनी त्याला जाळी धरली की टाकून दिला जातो. तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं की टाकायचं नाही, संपवायचं, आणि तेव्हापासून बाजारचा फेसवॉश जवळजवळ बंद झालाय म्हणून हा धागा काढतेय. माझं वय ४७, त्वचा कोरडी, ठाण्यात राहते, ऑफिसात दिवसभर एसी. पाळी मागेपुढे व्हायला लागली तसा चेहरा ताणल्यासारखा वाटायचा, तोंडाच्या बाजूला बारीक रेषा आणि गालांवर वांग.

आईच्या पद्धतीचं उटणं असं : मसूर डाळ एक वाटी, वाळवलेली संत्र्याची साल पाव वाटी, आंबेहळद दोन चमचे, वाळा, नागरमोथा आणि कपूरकाचरी एकेक चमचा, मूठभर सुकलेल्या गुलाबपाकळ्या. सगळं कडक वाळवून मिक्सरला आणि मग वस्त्रगाळ करायचं, म्हणजे चाळणीने नाही, जुन्या मलमलच्या ओढणीतून. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे हं, कारण चाळणीतून रवाळ पडतं आणि ते चेहऱ्यावर घासलं की ओरखडे उठतात. मी चिमूट घेऊन खालच्या ओठावर फिरवून बघते, टोचलं तर परत गाळायचं. वरचा चोथा पायांसाठी ठेवते. आठवड्यातून दोनदा एक चमचा उटणं सायीत कालवायचं, ओल्या चेहऱ्यावर हलकं फिरवायचं, वाळू द्यायचं नाही, कोमट पाण्याने धुवायचं. उटणं कोरडंच ठेवायचं आणि साय त्या त्या वेळेला घ्यायची.

फरक काय पडला तर ताण गेला, मऊपणा आला, आणि कोरडेपणामुळे दिसायच्या त्या बारीक रेषा बऱ्याच कमी दिसतात. हसताना पडणाऱ्या खोल सुरकुत्या होत्या तिथेच आहेत. वांग तीन वर्षांत काडीचं हललं नाही, त्यासाठी शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे जावंच लागलं आणि त्यांनी पहिली सनस्क्रीन हातात दिली.

आता तुम्ही लिहा. नुसतं "हे लावा" असं नको, तुमची त्वचा कशी, वय साधारण किती, किती दिवस लावलं, काय झालं आणि काय नाही झालं. बिघडलेले प्रयोग तर नक्की लिहा, त्यातून दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा वाचेल.

*

ताई, बिघडलेल्यापासून मीच सुरुवात करते. नाशिक, वय ३१. एप्रिलमध्ये नणंदेचं लग्न होतं, टॅन जावा म्हणून बेसन, मध आणि अख्ख्या लिंबाचा रस असा पॅक रोज लावत होते. लग्नाच्या पाच दिवस आधी सकाळी लावला, वीस मिनिटं ठेवला, घाईत नुसत्या पाण्याने धुतला आणि भर दुपारी स्कूटीवरून बस्त्याची खरेदी करायला गेले. दुसऱ्या दिवशी हनुवटीपासून गळ्यापर्यंत लाल ओघळ उठले, अगदी रस जसा ओघळला होता तशाच रेघा, आणि मानेवर पाण्याने भरलेले फोड. आधी वाटलं काहीतरी चावलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की लिंबू लावून उन्हात गेला होता का. लिंबाच्या सालीत आणि रसात असं द्रव्य असतं की ते कातडीवर असताना ऊन पडलं तर कातडी भाजून निघते, हे तेव्हा कळलं. फोड दहा-बारा दिवसांत बसले पण त्या जागी तपकिरी पट्टे राहिले ते दिवाळीपर्यंत. लग्नातल्या सगळ्या फोटोंत मी गळ्यापर्यंत पदर घेतलाय. कृपा करून चेहऱ्याला लिंबू लावू नका, आणि लिंबू सरबत करून हात न धुता उन्हात जाऊ नका.

*

माझा अनुभव चेहऱ्याचा नाही, टाचांचा आणि ओठांचा आहे, चालेल ना? माहेर सिंधुदुर्गात. आमच्याकडे रातांब्याची सालं आमसुलाला जातात आणि बिया फेकत नाहीत, वाळवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर तवंग येतो तो गार झाला की काढून मुठीत वळायचा. म्हणून मुठेल. आजीच्या प्रत्येक गोळ्यावर तिच्या चार बोटांचे खळगे असायचे, ते बघूनच ओळखू यायचं की हा हिने वळलेला आणि तो काकीने.

लग्नानंतर मुंबईत मार्बलच्या फरशीवर अनवाणी फिरून माझ्या टाचांना भेगा इतक्या पडल्या की रक्त यायचं, चादरीला अडकायच्या. सगळ्या ट्यूब झाल्या. मग आईने मुठेल पाठवलं. रात्री कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं, वजरीने अगदी हलक्या हाताने घासायचं, पाय पुसायचे पण पूर्ण कोरडे करायचे नाहीत, मुठेलाचा तुकडा पळीत जरासा गरम करून भेगेत भरायचा आणि सुती मोजे. पंधरा दिवसांत भेगा मिटल्या, महिन्यात टाच मऊ. आता आठवड्यातून एकदा पुरतं. कुणाला मधुमेह असेल तर मात्र वजरी-बिजरी काही लावू नका, सासऱ्यांची जखम चिघळली होती त्यामुळे सांगते.

*

वय २२, पुणे, तेलकट त्वचा. यूट्यूबवर बघून रात्री खोबरेल लावून झोपायचे, तीन आठवड्यांत कपाळभर बारीक पुळ्या. रूममेटची त्वचा कोरडी, तिला तेच खोबरेल मस्त मानवतं. मग मुलतानी माती सुरू केली, ती भेगा पडेपर्यंत वाळवायचे, त्याने चेहरा आणखी ओढला आणि उलट जास्त तेल सुटायला लागलं. आता आठवड्यातून एकदाच, गुलाबपाण्यात, आणि कडेने वाळायला लागली की लगेच धुते. बाकी काहीच नाही. पुळ्या गेल्यात.

*

वहिनींनी धागा दाखवला म्हणून लिहितोय, पुरुषांनी लिहिलं तर चालत असेल असं समजतो. मी २१ वर्षं गाडी चालवतो, जास्त करून पुणे-कोल्हापूर. माझा उजवा हात आणि चेहऱ्याची उजवी बाजू डावीपेक्षा काळी आहेच, पण उजव्या डोळ्याखाली सुरकुत्याही जास्त आहेत, बायकोने फोटो बघून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. मी म्हणायचो काच बंद असते, एसी चालू असतो, मला कुठलं ऊन. तर डॉक्टर म्हणाले की काचेतून ऊन भाजत नाही पण कातडी जून करणारे किरण बाजूच्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात. आता बायको रोज सकाळी कोरफडीचा गर देते तो लावतो आणि त्यावर सनस्क्रीन, हातात फुल बाह्यांचे ते मोजे. कोरफडीने थंड वाटतं, दाढीनंतरची आग थांबते, एवढं नक्की. पण रंगात फरक पडला तो मोजे घालायला लागल्यावर, सहाएक महिन्यांत.

*

कोरफडीचा विषय निघालाच आहे तर एक. पान कापल्या कापल्या गर काढू नका. कापलेली बाजू खाली करून पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवा, पिवळा चिकट चीक निथळून जाऊ द्या, मग धुवून सोला. त्या पिवळ्या चिकानेच खाज येते आणि लोक म्हणतात मला कोरफड चालत नाही.

*

मी फार्मसी कॉलेजमध्ये शिकवते, औरंगाबादला, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगर. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते की घरून चेहऱ्याला लावायच्या वस्तू आणा आणि आपण पीएच पट्टी बुडवून बघू (आकडा ७ च्या जितका खाली तितकं आंबट, ७ च्या वर गेला की अल्कली). आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट बाजूला, आणि ते आंबटपणाचं पातळ आवरण आहे म्हणून जंतू लांब राहतात आणि ओलावा आत राहतो. पट्टीवर लिंबू येतं २ च्या जवळ, खायचा सोडा ८ च्या वर, अंगाचा साबण ९ ते १०, आणि ताजं दही साडेचारच्या आसपास. मुलं दह्याची पट्टी बघून थांबतात, आज्या दही-बेसन का लावायच्या ते सांगावंच लागत नाही. दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं, ते मेलेल्या पेशींचा थर हळूच सैल करतं, महागड्या क्रीमच्या डब्यांवरही तेच नाव असतं. आणि हळदीचे हात साबणाने धुतले की लाल होतात ना, तेही हेच, साबण अल्कली असतो म्हणून.

दुसरी गोष्ट मी मुलांना सांगत नाही, दाखवते. मिक्सरमध्ये काढलेला कोरफडीचा गर काचेच्या बाटलीत बाहेर ठेवायचा. चार-पाच दिवसांत रंग गुलाबीसर, मग तपकिरी, मग वास. ज्या घरगुती मिश्रणात पाणी आहे ते ताजंच वापरायचं, फ्रीजमध्ये फार तर दोन-तीन दिवस. आणि नवीन काहीही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. नैसर्गिक आहे म्हणून अंगावर उठणार नाही असं काही नसतं हो, अंगावर फोड आणणारा बिब्बाही नैसर्गिकच आहे.

*

वरच्या मॅडमनी दह्याचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, आमच्याकडे वऱ्हाडात उन्हाळ्यात दही नाही तर ताकच. बाकी मला शतधौत घृताबद्दल लिहायचं आहे. अकोला, वय ५३, धुणंभांड्याने हाताची सालपटं निघायची. तांब्याच्या परातीत घरचं तूप पाव किलो घेतलं, त्यात गार पाणी घालून तळहाताने एकाच दिशेने फेटायचं, पाणी ओतायचं, परत नवं पाणी, असं शंभर वेळा. मी एका बाजूला शंभर मणी ठेवले होते आणि एकेक सरकवत होते. विसाव्या-पंचविसाव्या पाण्याला पिवळेपणा जायला लागतो, पन्नाशीनंतर तुपाचा वास कमी होतो, आणि शेवटी लोण्याहून पांढरं, हलकं, बोटाला थंड लागणारं क्रीम तयार होतं. अडीच तास गेले, दंड भरून आला, पण तळहात इतके मऊ झाले की नातू धरून बसला होता. चेहऱ्याला मी फक्त थंडीत लावते, उन्हाळ्यात जड होतं. शेवटचं पाणी अगदी निपटून काढा नाहीतर आठ दिवसांत खवट येतं.

*

हे लिहावं की नाही असा विचार करत होते. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या पार्लरमधून बिनलेबलची एक डबी मिळाली, "घरी बनवलेलं आयुर्वेदिक" म्हणून, केशराचा रंग, चंदनाचा वास. आठ दिवसांत चेहरा काचेसारखा. सगळे विचारायचे काय लावतेस, मी दोन मैत्रिणींनाही दिली. चार महिन्यांनी डबी संपली आणि नवीन मिळेना, तर तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद, आग, बारीक फोड, गालावर लाल शिरा दिसायला लागल्या, आणि हनुवटीवर लव. डॉक्टर म्हणाल्या ह्यात स्टेरॉइड होतं. पूर्ण बरं व्हायला चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यांत चेहऱ्याला फक्त त्यांचं औषध, साधं मॉइश्चरायझर आणि पाणी. मैत्रिणींना फोन करून सांगताना मला रडू आलं होतं. घरचं म्हणजे तुमच्या स्वतःच्या घरचं, तुमच्या डोळ्यांसमोर वाटलेलं. आठ दिवसांत उजळवणारं काहीही घरचं नसतं.

*

मेलबर्नहून. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी उटणं, साय सगळं इमानेइतबारे केलं आणि तरी दोन वर्षांत नाकावर आणि गालांवर डाग वाढले, कारण इथे डिसेंबर-जानेवारीत यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ११ च्या वर जातो आणि माझा आपला समज की आपण सावळे, आपल्याला काय होतंय. सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा संरक्षण जास्त असतं हे खरं, पण डाग मात्र आपल्यालाच चटकन पडतात. इथल्या बालवाडीत टोपी नसेल तर पोराला अंगणात खेळायला सोडत नाहीत. १९८१ पासून इथल्या कॅन्सर कौन्सिलची मोहीमच आहे, शर्ट चढवा, सनस्क्रीन थापा, टोपी घाला. माझी पाच वर्षांची मुलगी मला दारात अडवते, आई टोपी. उटणं अजून करते, दर रविवारी, मसूर डाळ इथे मिळतेच, वाळा-नागरमोथा आई पाठवते. पण ते अंगाला वास लागावा म्हणून, घराची आठवण म्हणून.

*

सगळ्यांचं वाचलं, आजीबद्दल लिहिते. बीड जिल्हा, आजी ८२ वर्षांची, जन्मभर शेतात. चेहरा, मान, हाताचे पंजे म्हणजे मे महिन्यातलं रान, भेगाच भेगा. अंगाला आयुष्यभर साबणही कमीच, दिवाळीला तेल-उटणं आणि एरवी हरभऱ्याचं पीठ. मागच्या महिन्यात तिचा हात फ्रॅक्चर झाला म्हणून मी अंघोळ घालत होते, चोळी काढली आणि बघतच राहिले. बाहीच्या खालचा दंड, जिथे कधी ऊन लागलं नाही तिथली कातडी, वय झालं म्हणून थोडी सैल, पण एक सुरकुती नाही, डाग नाही, माझ्या हातापेक्षा उजळ. बाहीची शिवण जिथे संपते तिथे सरळ रेघ ओढल्यासारखा रंग बदलतो. एकच बाई, एकच उटणं, तेच हरभऱ्याचं पीठ, आणि दोन बोटांच्या अंतरावर पन्नास वर्षांचा फरक.

आईला बोलावून दाखवलं. ती अजून रोज कापूस वेचायला जाते. आता साडीवर बाबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते, बटणं मनगटापर्यंत लावून, आणि डोक्याला पांढरा टॉवेल. संध्याकाळी आली की दही-पिठाने हात-तोंड धुते. मी पण तिच्याबरोबर बसते.