मदत हवी आहे: पसायदानातला 'सांडो', नेमकं कोण सांडतंय?

पसायदानातल्या 'जे खळांची व्यंकटी सांडो' या एका ओळीवर लिहितेय, पण व्यंकटीवर नाही (त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, वाकडेपणा हा अर्थ मला मान्यच आहे), मला 'सांडो' या एकाच शब्दावर थांबायचंय. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकून देणे, सोडणे, मग खळांनी स्वतः वाकडेपणा सोडावा असा अर्थ होतो. पण 'खळांची' असं षष्ठीत आहे, 'खळीं' किंवा 'खळ' असा कर्ता ओळीत कुठेच नाही, आणि पुढचे 'वाढो', 'पडो' दोन्ही आपोआप घडणारी क्रियापदं, त्या ओघात वाचलं तर वाकडेपणा आपसूक गळून पडो असं वाटतं, म्हणजे खळांकडे प्रयत्नही मागितलेला नाही! मला हे फार मोठं वाटतं, मागणं 'विश्वात्मकें देवें' पुरवायचंय, खळांनी नाही. उलट पुढच्याच ओवीत 'जो जें वांछील तो तें लाहो' म्हणताना मात्र कर्ता स्पष्ट दिलाय.

शब्दकोशात सोडणे आणि गळणे दोन्ही मिळालं, त्याने काही सुटलं नाही. सोप्या मराठीतले दोन-तीन अर्थ पाहिले, ते 'दुष्टांचा दुष्टपणा जावो' म्हणून पुढे सरकतात. भावार्थ नकोय, प्लीज, तो माहितीये.

ज्ञानेश्वरीत इतरत्र 'सांडणे' असं अकर्मक, म्हणजे आपोआप गळून पडणे या अर्थी आलेली एखादी ओवी कुणाला अध्याय आणि ओवी क्रमांकासकट सांगता येईल का?