किकुयूंचे तुंबे: किन्या आणि किहुरी

प्रश्न: केनियातल्या किकुयू घरांत किन्या आणि किहुरी यांत नेमका फरक काय? आणि नव्या तुंब्यातली पेज कडू का लागते?

उत्तर १: किन्या म्हणजे अखंड तुंबा, देठाकडे तोंड पाडलेला. 'उचुरू' ही पेज त्यात आंबवतात, शेतावरही नेतात. किहुरी म्हणजे चिरलेला अर्धा तुंबा, पेज प्यायचं वाडगं.

उत्तर २: कडवटपणा गराचा. फळ वेलीवरच पक्कं होऊ द्या, कोवळ्याची साल वाळताना सुरकुतते. तोंड पाडून पाणी भरा, गर कुजू द्या, मग बारीक खडे घालून जोरजोरात हलवा, ओता, पुन्हा भरा. पाणी नितळ येईपर्यंत हेच. इथे घाई केली की सगळं बिघडतं, आणि कडू रस पोटाला बाधतोही. सुकवायचा सावलीत, कडक उन्हात तडकतो.

प्रश्नकर्ता: साबणाने धुतला तर?

उत्तर १: नको. साल सच्छिद्र, वास धरून ठेवते. शिवाय आत चिकटून राहिलेलं विरजणच पुढची पेज आंबवतं. तडा गेला तर मात्र फेकू नका: दोन्ही कडांना बारीक भोकं पाडून दोऱ्याने शिवता येतो.