मदत हवी आहे: रेंज नसलेल्या पाड्यावर सेतू अभ्यास कसा पोहोचवू?

नमस्कार मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. पहिली ते चौथी, पट 34. कोरोनामुळे शाळा बंदच आहे. येत्या 1 जुलै 2021 पासून दुसरीच्या पुढच्या मुलांचा 45 दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, घ्यायचा आहे. तो आलाय पीडीएफमध्ये, आणि घोडं तिथेच अडलंय.

स्मार्टफोन नऊ घरांत. त्यातले सहा बापाच्या खिशात, आणि बाप गुजरातेत मजुरीला. रेंज टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली येते. पावसाळ्यात पोरांना तिथे चढवणार नाही. वीजबिल थकलं म्हणून शाळेचं मीटरही गेलंय. गेल्या वर्षी सह्याद्रीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची, पण अख्ख्या पाड्यात टीव्ही एक. 'आज किती विद्यार्थी ऑनलाइन होते?' ही लिंक मात्र रोज येते. ती भरायला मी टेकडी चढतो.

खरी काळजी दुसरीच्या सात पोरांची आहे. 2020 ला पहिलीत नाव लागलं, वर्ग अजून आतून पाहिलेला नाही. घरी पावरी बोलतात. समोर बसून, हातवारे करून, अर्धं पावरीत सांगितलं की त्यांना पुस्तकातली मराठी उमगायला लागते. व्हिडिओतल्या बाईंचं काही कळत नाही, नुसती हसतात.

सध्या आठवड्यातून दोनदा ओट्या-ओट्यावर पाच-सहा जणांना घेऊन बसतो. आश्रमशाळा बंद असल्याने नववीतल्या दोन मुली घरी आहेत, त्या मधल्या दिवशी घेतात. छान घेतात, माझ्यापेक्षा बरं. पण पेरणी लागली की त्या शेतावर जाणार.

आता प्रश्न. झेरॉक्स धडगावला, पानाला दोन रुपये. दुसरी ते चौथीच्या सगळ्यांची सगळी पानं खिशातून काढणं जमणार नाही. कुणी त्यातल्या मोजक्याच कृती निवडून भिंतीवर, फरशीवर लिहून घेतल्या आहेत का? कोणत्या ठेवल्या, कोणत्या गाळल्या? दुसरं, गोष्टी आणि सूचना पावरीत रेकॉर्ड करून मेमरी कार्डावर द्यायचा विचार आहे. सोलरवर चार्ज होणारा, दोन-तीन तास टिकणारा छोटा स्पीकर कुणी वापरलाय का? आणि अशा मोठ्या मुलींना शेतीच्या दिवसांत कुणी कसं टिकवलं? घरच्यांशी काय बोललात?

कृपया झूम किंवा दीक्षा ॲप सुचवू नका.

ता.क. उत्तराला उशीर झाला तर टेकडीवर पाऊस आहे असं समजा.