प्रतिसाद : सांगली ते मालवण, रेल्वे की रस्ता?

आई-वडील सोबत असल्याने तुम्ही रेल्वेचा विचार करताय, ते समजतं. पण नकाशावर मिरज जंक्शन कितीही मोठं दिसलं, तरी तिथून रुळांची थेट वाट कोकणात उतरत नाही. कोल्हापूरला रूळ संपतात, तिथून वैभववाडीला कोकण रेल्वेला जोडणारी लाईन अजून कागदावरच आहे. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने लोंडा, कॅसलरॉक करत मडगाव गाठायचं आणि तिथून कोकण रेल्वेने परत उत्तरेला मालवणजवळच्या कुडाळ स्टेशनला यायचं, हा सरळ द्राविडी प्राणायाम. दूधसागर बघायचाच असेल तर जरूर जा, पण मालवणसाठी नको. पुणे-पनवेलमार्गे तर त्याहून लांब.

माझं मत रस्त्यालाच. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. गगनबावड्याहून करूळ घाटानेही उतरता येतं. पावसाळ्यात मात्र निघण्याआधी घाट चालू आहे का, हे कोल्हापूर स्टँडवर विचाराच. दरड पडली की सगळं गणित फिरतं.

एसटीला कमी लेखू नका. आईंना अर्धं तिकीट, वडील पंचाहत्तरीच्या पुढे असतील तर त्यांचा प्रवास मोफत. ओळखपत्र विसरू नका. पण गुडघेदुखी असेल तर खासगी गाडीच बरी, हवं तिथे थांबता येतं. वळणांचा त्रास होत असेल तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि राधानगरीच्या आधीच हलकं काहीतरी खाऊ घाला. रात्री घाट उतरू नका. सांगलीतून पहाटे निघालात तर जेवायला मालवणात असाल.