शब्दचर्चा: सी कोडमधील ‘कमेंट’ आणि तिची ‘साफसफाई’

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मी संध्याकाळी सी भाषेचा वर्ग घेतो. वर्गातील काही विद्यार्थी एका जुन्या सी प्रकल्पाचा कोड नीट लावण्याचे काम करीत आहेत आणि प्रत्येक कमिटसोबतची (म्हणजे एकत्र जतन केलेल्या बदलांसोबतची) नोंद त्यांनी मराठीत लिहावी, असे आम्ही ठरवले आहे. अडचण अशी की, जवळजवळ प्रत्येक नोंदीत ‘कमेंटची साफसफाई केली’ (कमेंट म्हणजे कोडमध्ये // किंवा /* */ या चिन्हांनी वेगळा केलेला, प्रोग्राम म्हणून न चालणारा मजकूर) एवढेच वाक्य येते. प्रत्यक्षात एकाने केवळ ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा सारख्या केलेल्या असतात, दुसऱ्याने // च्या जागी /* */ घातलेले असते, तिसऱ्याने कमेंटमधील वाक्यच बदललेले असते आणि चौथ्याने कमेंटमध्ये टाकून बंद केलेला जुना कोड काढून टाकलेला असतो. तपासणाऱ्याला ही चार कामे नोंदीवरूनच वेगळी ओळखता यावीत, यासाठी कोणते शब्द योजावेत? ‘कमेंट’ला ‘शेरा’ म्हणावे, असाही एक आग्रह वर्गात आहे.

ऐरोलीहून

‘शेरा’ मला पटत नाही. शेरा हा दुसऱ्याच्या कागदावर, बहुधा वरच्या अधिकाऱ्याने किंवा शिक्षकाने नोंदवलेला अभिप्राय असतो. सातबाऱ्यावरील ‘शेरा’ हा रकानाही मूळ नोंदीच्या बाहेरची गोष्ट सांगण्यासाठीच आहे. कोडमधील कमेंट मात्र बहुतेक वेळा कोड लिहिणारा स्वतःच लिहितो आणि ती पुढच्या वाचकासाठी असते. अर्थाने सर्वांत जवळचा शब्द खरे तर ‘टीका’ हा होता, कारण ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरील टीका म्हणतो ते याच अर्थाने. परंतु आजचा विद्यार्थी ‘टीका काढून टाकली’ असे वाचून भलताच अर्थ घेईल. बोलताना ‘कमेंट’ खुशाल म्हणावे. लिहिताना ‘टिप्पणी’ आणि ‘टीप’ अशी जोडी वापरावी: फंक्शनच्या (प्रोग्राममधील एका नावाच्या कोडखंडाच्या) वर येणारा अनेक ओळींचा मजकूर ही टिप्पणी आणि विधानाच्या शेवटी उजवीकडे येणारे दोन-चार शब्द ही टीप. हा भेद केवळ हौसेचा नाही, कारण दोहोंच्या मांडणीचे नियम वेगळे असतात. लिनक्स कर्नेलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) शैलीत अनेक ओळींच्या टिप्पणीची पहिली ओळ फक्त /* एवढीच असते, पुढील प्रत्येक ओळ डावीकडील स्टारने सुरू होते आणि शेवटचे */ स्वतंत्र ओळीवर येते. ओळीच्या शेवटच्या टिपांना हे काहीच लागू होत नाही. तेथे प्रश्न असतो तो त्या एकाखाली एक, सरळ रेषेत लावायच्या की नाही एवढाच.

// बदलून /* */ करणे हे मी साफसफाईत धरणारच नाही. १९८९च्या सी प्रमाणकात // नव्हते, ते १९९९च्या प्रमाणकात आले. आणि वाहनांच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्यांचा दबदबा आहे त्या मिस्रा नियमांच्या २००४च्या आवृत्तीने फक्त /* */ लाच परवानगी दिली होती. तेव्हा असा बदल नियमपालनासाठी होत असेल, तर नोंदीत ‘टिप्पणी-चिन्हांचे रूपांतर’ असे स्पष्ट लिहावे आणि कोणत्या नियमासाठी तेही सांगावे.

वाशीहून

वरील विवेचन मान्य आहे, मात्र सर्वच कमेंट केवळ वाचकासाठी असतात हे गृहीतक धोक्याचे आहे. कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) प्रत्येक कमेंटच्या जागी एक मोकळी जागा धरतो, हे पुस्तकात लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. म्हणूनच कमेंट हलवल्याने काही बिघडत नाही, असे विद्यार्थ्यांना वाटते. परंतु काही कमेंट यंत्राला वाचता याव्यात म्हणून लिहिलेल्या असतात. स्विचमधील (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेतील) एका केसमधून ब्रेक न करता पुढच्या केसमध्ये जाणे हेतुपुरस्सर आहे, हे सांगणारी ‘फॉल थ्रू’ ही कमेंट जीसीसी या कंपायलरच्या ७व्या आवृत्तीपासून खुद्द कंपायलर वाचतो आणि ती योग्य जागी सापडली नाही, तर संबंधित इशारा चालू असताना तक्रार करतो. एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने तिचे मराठी भाषांतर केले किंवा ती दोन ओळी वर सरकवली, तर प्रोग्राम पूर्वीसारखाच चालेल, पण बिल्डमध्ये (कोडपासून प्रोग्राम तयार करताना) नवा इशारा येईल. आणि जेथे इशाऱ्यालाच त्रुटी मानण्याची शिस्त आहे, तेथे बिल्ड अडेल. कोडची मांडणी आपोआप लावणाऱ्या क्लँग-फॉरमॅटला ‘येथून पुढे हात लावू नकोस’ असे सांगणारी कमेंट याच जातीची. कोडमधून दस्तऐवज तयार करणाऱ्या डॉक्सिजनची /** ने सुरू होणारी टिप्पणीही त्यातच येते: तिच्यातील दुसरा स्टार कोणी अनवधानाने काढला, तर त्या फंक्शनची माहिती दस्तऐवजातून मुकाट्याने गळते. या सर्वांना ‘टिप्पणी’ न म्हणता ‘खूण’ म्हणावे आणि खुणेला हात लावणारा बदल स्वतंत्र कमिटमध्येच यावा, असे मी सुचवीन.

रूपांतराविषयीही एक सांगावेसे वाटते. // च्या कमेंटमध्ये फाइलचा मार्ग लिहिताना /*/ अशी चिन्हे आली असतील, तर ती ओळ /* */ मध्ये घालताच कमेंट मध्येच संपते आणि उरलेले शब्द कोड म्हणून कंपायलरच्या पुढ्यात पडतात. सी भाषेत /* */ च्या आत दुसरी /* */ बसत नाही, हे तर सर्वांना ठाऊकच असते.

ठाणे पूर्व, कोपरीहून

मला सी येत नाही. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून मी अनेक वर्षे काम केले, त्या अनुभवावर लिहितो. ‘साफसफाई’ हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नसे, कारण त्यातून काय बदलले हे कळत नाही. गॅली प्रुफावर मजकुराच्या चुका काढल्या जात आणि पान लागल्यावर समास, ओळींमधील अंतर, मथळ्याची जागा या गोष्टी पाहिल्या जात. पान लागल्यानंतर लेखकाने एखादे वाक्य बदलले, तर जुळारी वैतागत असे, कारण एका वाक्यापायी पुढची पाने सरकत. आपल्या विद्यार्थ्यांनी अक्षर न बदलता केवळ जागा बदलली असेल, तर ‘मांडणी’ लिहावे. वाक्य बदलले असेल, तर ‘संपादन’ लिहावे. आणि काही काढले असेल, तर सरळ ‘वगळले’ म्हणावे. हे तिन्ही शब्द शाळकरी मुलालाही कळतात.

ऐरोलीहून

‘मांडणी’ आणि ‘संपादन’ हा भेद फार उपयोगाचा आहे, कारण ‘मांडणी’ या शब्दातून तपासणाऱ्याला एक वचन मिळते: मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करून फरक पाहिला, तर त्यात जवळजवळ काहीच दिसू नये. ज्या कमिटवर ‘मांडणी’ लिहिले आहे आणि तरीही तसा फरक पाहताना एखादी अट बदललेली दिसते, ती कमिट परत पाठवावी. (ओळी मोडून पुन्हा जुळवल्या असतील, तर हा फरक इतका कोरा येत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.) शिवाय केवळ मांडणीच्या कमिट वेगळ्या ठेवल्या, तर त्यांची यादी एका फाइलमध्ये लिहून गिटच्या (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) ब्लेम आज्ञेला, म्हणजे प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेला, त्या ओलांडून जायला सांगता येते, ही सोय २०१९मध्ये, गिटच्या २.२३ आवृत्तीत आली. अन्यथा दहा वर्षांपूर्वीच्या प्रत्येक ओळीपुढे मोकळ्या जागा सारख्या करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव दिसू लागते आणि ती ओळ मुळात का लिहिली गेली, हे विचारायला लोक त्याच्याकडे जातात.

वाशीहून

मांडणीने काहीच बदलत नाही, हे वचन थोडे जपून द्यावे. असर्ट (अट खरी आहे की नाही हे प्रोग्राम चालताना तपासणारी सोय) अयशस्वी झाल्यावर छापला जाणारा ओळक्रमांक वर दोन ओळींची टिप्पणी वाढली तरी बदलतो, आणि प्रोग्रामच्या जुन्या त्रुटी-नोंदींमधील क्रमांक नव्या फाइलशी जुळत नाहीत.

प्रश्नकर्ता (नौपाडा, ठाणे)

सर्वांचा आभारी आहे. वर्गासाठीच्या सूचनापत्रकात मांडणी, संपादन, रूपांतर, वगळणे हे चार शब्द कामांसाठी आणि टिप्पणी, टीप, खूण हे तीन शब्द वस्तूंसाठी घेतो. खुणेचे भाषांतर करू नये, ही सूचना ठळक टाकतो. बंद केलेल्या कोडसाठी वेगळे नाव शोधत नाही. ‘बंद केलेला कोड वगळला’ हे पुरेसे आहे. एकच शब्द राहिला: इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा. त्यासाठी ‘समास’ चालेल का?

ठाणे पूर्व, कोपरीहून

चालणार नाही. समास ही पानाच्या कडेची कोरी जागा; ती सबंध पानाला एकच असते. एखादी ओळ उजवीकडे सरकवून सुरू करायची असेल, तर आम्ही ‘ओळ आत घ्या’ म्हणत असू.

ऐरोलीहून

‘आत घेणे’ उत्तम बसते, कारण त्याला माप जोडता येते. कर्नेलच्या शैलीत ओळ टॅबने, म्हणजे आठ रकाने आत घेतात, तर जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या शैलीत दोन. पत्रकात आपल्या प्रकल्पाचे माप मात्र अवश्य लिहावे, कारण ‘व्यवस्थित आत घ्यावे’ एवढ्यावर सोडले, तर प्रत्येक जण आपापल्या एडिटरचे माप लावील.