शनिवारच्या चार बाटल्या आणि 'साखर घातलेलं व्हिनेगर'

गच्चीवरचा: परवा 'चोखंदळ' यांनी लिहिलं की मित्रांबरोबर नाशिकच्या तीन वाइन चाखल्या, तिन्ही सारख्याच, 'साखर घातलेलं व्हिनेगर', त्यापेक्षा कोकम सरबत बरं. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

आम्हीही शनिवारी सहा जण बसलो होतो. वाइनचे ग्लास दोनच, बाकी स्टीलचे पेले. शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन थंडगार होती, पिकल्या पेरूचा वास, जराशी गोडसर. दुसरी व्हाइट सोव्हिन्यों ब्लां, तिचं झाकण फिरवलं आणि एक जण म्हणाला, "ढोबळी मिरची कोण चिरतंय?" खरंच तोच वास, मागून कैरी. अकलूजच्या सांजोवेझे या रेड वाइननं मात्र भांडण लावलं. पहिल्या घोटाला जीभ कोरडी पडली, तिघांनी पेला बाजूला सारला. मग मटणाचा रस्सा आला आणि तीच बाटली सगळ्यांत आधी संपली. शिराज, तीही रेड, कपाटावर ठेवलेली होती, एप्रिलचा उकाडा, नुसता अल्कोहोलचा भपका. अर्धा तास फ्रीजमध्ये टाकली तर मिऱ्याचा वास उलगडला.

चार बाटल्या, चार तऱ्हा. तुम्हाला सारख्याच कशा लागल्या राव?

चोखंदळ: रेड फ्रीजमध्ये? इथेच वाचणं थांबवलं. रेड रूम टेम्परेचरलाच प्यायची असते. फ्रान्सला बोर्दोच्या वाइन भागात जाऊन आलोय, म्हणून सांगतो.

तर्रीबाज: कोणाच्या रूमचं टेम्परेचर? आमच्या नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५, कूलर लावून आत ३५. मी तर सरळ दोन खडे बर्फ टाकतो.

चोखंदळ: बर्फ! मग उसाचा रस प्या की. तोही स्थानिकच.

तर्रीबाज: पितो. त्यात लिंबू-आलंही घालतो. तुमची परवानगी घ्यायची राहिली.

राईनकाठची: भांडू नका. 'रूम टेम्परेचर' हा शब्द युरोपातल्या जुन्या दगडी घरांतला, तिथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश. तो नियम नाशकात जसाच्या तसा लावला तर गरम काढाच मिळणार. आणि बर्फाचं म्हणाल, तर इथे जर्मनीत उन्हाळ्यात लोक वाइनमध्ये निम्मा सोडा ओतून पितात, कोणाची अब्रू जात नाही. माझ्या सासऱ्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एवढंच म्हणाले, "म्हणजे आपण वाया नाही गेलो."

पोदेर: आमच्या गोव्यात नाताळला आजी पोर्ट वाइन काढायची. गोडमिट्ट, खोकल्याच्या औषधासारखी. पोर्तुगालच्या पोर्टशी तिचा संबंध नावापुरता. तरी बेबिंका या थरांच्या गोडाबरोबर अजून तीच लागते. चवीचं सर्टिफिकेट कोण देणार?

चोखंदळ: विषय नाशिकचा आहे. आजी मध्ये कुठून आली?

छाटणीवाला: तुम्ही बर्फावर भांडा. राज्याचं २००१ चं वाइन धोरण आलं तेव्हा वडिलांनी दीड एकर थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं, काढून शिराज लावली. खायच्या द्राक्षाला जिबरेलिक हे वाढीचं संजीवक देऊन मणी फुगवायचा, वाइनच्या द्राक्षाला मणी बारीकच हवा, साल जाड हवी, बी चालते. आयुष्यभराचं उलटं शिकले ते. २००९ ला मंदी आली आणि ज्यांच्याशी करार होता त्यांनी फोन उचलणं बंद केलं. थॉमसन निदान मार्केटला नेऊन ओतता येते. ही बियांची बारीक द्राक्षं कोण घेणार? वेलीवरच सुकली. त्या एप्रिलला खरड छाटणीच्या, म्हणजे हंगामानंतरच्या छाटणीच्या, वेळी कात्री नाही, कुऱ्हाड चालली.

चोखंदळ: वाईट झालं. पण दारूच्या प्रत्येक चर्चेत शेतकरी पुढे करायचा, ही जुनी खोड आहे. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हाही तेच केलं.

छाटणीवाला: 'पुढे करायचा'? मला कोणी पुढे केलेलं नाही, मी स्वतः लिहितोय. बोर्दोची बाग फोटोपुरती पाहिली असेल तुम्ही. फुलोऱ्यात पाऊस आला की रात्री दोनला ट्रॅक्टर काढून डाऊनी या बुरशीरोगाची फवारणी करून बघा, मग व्हिनेगर म्हणा.

गच्चीवरचा: दोघंही जरा दमानं घ्या.

छाटणीवाला: दमानंच घेतोय. तो निर्णय बारगळलाच. आम्हाला त्यातून काय मिळालं असतं देव जाणे, पण बाटली निदान एसीत राहिली असती. आमच्या गावच्या दुकानात ती पत्र्याखाली, थेट उन्हात उभी असते. गिऱ्हाईक ती पितं आणि नावं द्राक्षाला ठेवतं.

राईनकाठची: अगदी. उन्हात शिजलेली वाइन चपटी लागते, फळाचा वास उडून जातो. तशा तीन बाटल्या प्यायल्या तर तिन्ही सारख्याच लागतील. चोखंदळ, तुमच्या कुठे होत्या?

चोखंदळ: विषयाशी काय संबंध?

तर्रीबाज: सांगा की.

चोखंदळ: बरं. सकाळी घेतल्या, जेवायला थांबलो, मग दोन ठिकाणं पाहिली. डिकीत होत्या. पार्किंगला सावली नव्हती. झालं समाधान? बाटल्या शिजल्या असतील, मान्य. पण शेनिन गोडच होती, ते उन्हानं झालेलं नाही.

राईनकाठची: गोड होती हे मीही मान्य करते. नाशिकच्या शेनिनमध्ये द्राक्षाची थोडी साखर बऱ्याचदा मुद्दाम बाकी ठेवतात.

तर्रीबाज: अख्खा दिवस डिकीत, आणि दोन खड्यांसाठी मला उसाच्या रसावर पाठवत होतात!

गच्चीवरचा: चोखंदळ, पुढच्या शनिवारी या. शिराज मी आधीच फ्रीजमध्ये टाकतो. पेला घरून आणा, आमच्याकडे दोनच ग्लास आहेत.

चोखंदळ: बघतो. मटण असेल तर.