मेलास्मा, म्हणजे आपला वांग

'मेलास्मा'चं निदान ऐकून 'मेलॅनोमा' आठवला आणि घाबरायला झालं, असं तुम्ही लिहिलंत. मुळीच घाबरू नका. दोन्ही शब्द ग्रीक 'मेलास' म्हणजे काळा यावरून आलेत, एवढंच त्यांचं नातं. मेलॅनोमा हा कर्करोग. मेलास्मा म्हणजे गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर येणारे तपकिरी डाग. आपल्या आज्या त्याला वांग म्हणायच्या.

याचं जुनं नाव 'क्लोअॅस्मा'. ते हिरवेपणा दाखवणाऱ्या ग्रीक शब्दावरून आलंय, आणि डाग तर हिरवे नसतातच! त्यामुळे आता मेलास्माच रुळलाय.

मला मात्र 'वांग' जास्त भावतो. तो संस्कृत 'व्यंग'वरून आला. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांमध्ये, व्यंगाचं वर्णन आहे: चेहऱ्यावरचा, न दुखणारा, पातळ, काळपट डाग. किती नेमकं! कारण तिथे क्रोध आणि श्रम असं दिलंय. आज आपण ऊन, गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या ही कारणं धरतो.

एक कळकळीची विनंती: दुकानातून स्टेरॉईड असलेलं गोरेपणाचं क्रीम आणून लावू नका. त्वचा पातळ होते, लाली येते. त्वचारोगतज्ज्ञांना विचारून सनस्क्रीन मात्र रोज लावा, ढगाळ दिवशीही.